पाच नायकांचे बिऱ्हाड

दोन नामवंत गवई एकाच मैफलीत बसवायचे म्हटले, की संयोजकांच्या तोंडचे पाणी पळते. आधी कोण गाणार, इथूनच मानापमान सुरू! अशा वेळी रॉक संगीतातले पाच दिग्गज १९८८ साली एका सुरात गायले, याचे मला आजही अप्रूप वाटते. 'ट्रॅव्हलिंग विलबरीज' हे त्यांच्या चमूचे नाव. बीटल्सपैकी एक आणि पंडित रविशंकरांचा शिष्य म्हणून आपल्या ओळखीचा जॉर्ज हॅरिसन, शिवाय बॉब डिलन, टॉम पेटी, जेफ लिन आणि रॉय ऑर्बिसन. या पाचांत मला जवळचा वाटतो तो ऑर्बिसन.

२३ एप्रिल १९३६ रोजी टेक्सासमधील व्हर्नन गावी त्याचा जन्म झाला. वडील तेलविहिरींवर राबणारे. मुलगा सहा वर्षांचा असताना त्यांनी त्याला गिटार आणून दिली. एल्व्हिस प्रिस्लेला पुढे आणणाऱ्या मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्सकडून १९५६ मध्ये त्याचे पहिले गाजलेले गाणे निघाले. पण खरा ऑर्बिसन दिसला तो १९६० च्या 'ओन्ली द लोनली'मध्ये. इतर गायक रंगमंच दणाणून सोडत. हा मात्र मायक्रोफोनपुढे निश्चल उभा राहून विरहाची गाणी गाई. आवाज चढत चढत अशा उंचीवर जाई, की ऐकणाऱ्याने श्वास रोखावा. १९६३ मध्ये बीटल्सबरोबर त्याने ब्रिटनचा दौरा केला. १९६४ च्या 'ओ, प्रिटी वुमन'ने अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे पहिला क्रमांक पटकावला.

आणि मग दैवाने पाठ फिरवली. १९६६ च्या जूनमध्ये मोटरसायकल अपघातात पत्नी क्लॉडेट गेली. १९६८ मध्ये तो इंग्लंडच्या दौऱ्यावर असताना टेनेसीतील त्याच्या घराला आग लागली आणि दोन थोरली मुले दगावली. तीन मुलांपैकी धाकटा तेवढा वाचला. घराची ती जागा शेजारी राहणाऱ्या जॉनी कॅश या गायकाने विकत घेतली आणि तिथे फळझाडे लावली. ऑर्बिसनने पुन्हा संसार मांडला, गाणेही सोडले नाही. पण लोकांच्या आवडी बदलल्या होत्या. १९७८ मध्ये हृदयावर शस्त्रक्रिया झाली. पुढे जवळजवळ दहा वर्षांनी, १९८७ मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ने त्याचा गौरव केला, तेव्हा जगाला त्याची पुन्हा आठवण झाली.

त्यानंतरचा योगायोग मोठा गमतीचा आहे. हॅरिसनला आपल्या एका तबकडीच्या मागच्या बाजूसाठी एक गाणे हवे होते. ध्वनिमुद्रण ठरले मालिबूला, डिलनच्या गॅरेजमध्ये. जेफ लिन आणि ऑर्बिसन सोबत होतेच. हॅरिसनची गिटार पेटीकडे राहिली होती. ती आणायला गेले आणि पेटीही आला! गॅरेजमधल्या एका खोक्यावरच्या चिठ्ठीवरून गाण्याला नाव मिळाले, 'हँडल विथ केअर'. रेकॉर्ड कंपनीने ते ऐकले आणि हे मागच्या बाजूला दडवण्यासारखे नाही, असे ठरवले. मग मे महिन्यात सुमारे दहा दिवस एका संगीतकार मित्राच्या घरी बिऱ्हाड थाटून या पाचांनी पूर्ण अल्बम केला. त्यावर कोणाचेही खरे नाव नव्हते. पाचही जण विलबरी भावंडे. ऑर्बिसन झाला लेफ्टी विलबरी.

इथेच मला या मंडळींचे मोठेपण दिसते. त्यांनी ऑर्बिसनची कीव केली नाही. त्याच्या गळ्याला शोभेल अशी जागा गाण्यात राखली आणि ती आली, की बाकीचे मागे सरले. मोठ्या कलावंताला दुसऱ्याचे मोठेपण सोसणे सर्वांत कठीण. ते या चौघांना साधले.

अल्बम ऑक्टोबरमध्ये आला आणि गाजला. ६ डिसेंबर १९८८ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी, हृदयविकाराने ऑर्बिसनचे निधन झाले. पुढच्या एका गाण्याच्या चित्रफितीत सोबत्यांनी त्याच्याऐवजी कोणाला उभे केले नाही. एका डुलत्या खुर्चीवर फक्त त्याची गिटार ठेवली. १९९० मध्ये दुसरा अल्बम आला, तोही चौघांचाच. गेलेल्या भावाची जागा रिकामी ठेवण्याची ही रीत आपल्या घरांतूनही परकी नाही.