गॅब्रिएल लिपमन

गॅब्रिएल लिपमन (१६ ऑगस्ट, १८४५ – १३ जुलै, १९२१) हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ होते. रंगीत छायाचित्रणाच्या व्यतिकरण पद्धतीसाठी त्यांना १९०८ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. विजेमुळे द्रवाचा पृष्ठताण कसा बदलतो, याचे मोजमाप त्यांनी केले. विद्युत क्षेत्राच्या साहाय्याने सूक्ष्म थेंब हलवण्याच्या आधुनिक तंत्राचा पाया या संशोधनात आहे.

सुरुवातीचे जीवन

लिपमन यांचा जन्म लक्झेंबर्गमध्ये एका फ्रेंच कुटुंबात झाला. ते लहान असतानाच हे कुटुंब पॅरिसमध्ये स्थायिक झाले. १८६८ साली त्यांनी एकोल नॉर्माल या संस्थेत प्रवेश घेतला. आवडीच्या विषयांतच लक्ष घालण्याच्या स्वभावामुळे अध्यापक होण्यासाठीच्या परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले. तरीही विज्ञानशिक्षणाच्या पद्धती अभ्यासण्यासाठी फ्रेंच सरकारने त्यांना जर्मनीला पाठवले.

पाऱ्याचा थेंब आणि वीज

हायडेलबर्ग येथे शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्यूने यांनी त्यांना एक प्रयोग दाखवला. सौम्य सल्फ्युरिक आम्लाखालील पाऱ्याच्या थेंबाला लोखंडी तार टेकवताच तो आकसतो व तार काढताच पूर्ववत होतो. पारा आणि आम्ल यांच्या सीमेवरील विद्युत स्थिती बदलल्याने पृष्ठताण बदलतो, असा अर्थ लिपमन यांनी लावला. या तत्त्वावर त्यांनी केशिका विद्युतमापक तयार केला. बारीक काचनळीतील पाऱ्याची पातळी किती सरकते, यावरून व्होल्टच्या हजाराव्या भागाइतका विद्युतदाबही त्यात मोजता येई. या विषयावरील प्रबंधासाठी १८७५ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ साली मानवी हृदयाच्या विद्युत स्पंदनांची नोंद याच उपकरणाने केली.

अध्यापन व इतर संशोधन

१८८३ साली लिपमन सोरबॉनमध्ये प्राध्यापक झाले आणि १८८६ पासून तेथील संशोधन प्रयोगशाळेचे प्रमुख होते. काही स्फटिकांवर दाब दिल्यास वीज निर्माण होते, हे क्युरी बंधूंनी दाखवल्यावर, वीज दिल्यास असे स्फटिक आकार बदलतील, असे भाकीत लिपमन यांनी १८८१ साली केले. क्युरी बंधूंनी ते प्रयोगाने खरे ठरवले. मेरी क्युरी यांनीही लिपमन यांच्या प्रयोगशाळेत काम केले. किरणोत्सारावरील त्यांचा १८९८ सालचा पहिला निबंध लिपमन यांनीच विज्ञान अकादमीपुढे मांडला.

१८९१ साली लिपमन यांनी रंगद्रव्य न वापरता, प्रकाशलहरींच्या व्यतिकरणातून रंगीत छायाचित्र मिळवले. मात्र या पद्धतीत प्रकाश दीर्घकाळ द्यावा लागे आणि चित्राच्या प्रती काढता येत नसत. त्यामुळे ती व्यवहारात रुजली नाही. अमेरिका खंडाच्या दौऱ्यावरून परतताना जहाजावर त्यांचे निधन झाले.

वारसा

लिपमन यांच्या प्रयोगात द्रव थेट धातूला भिडत असल्याने विद्युतदाब फार वाढवता येत नसे. तो वाढवल्यास पाण्याचे विघटन सुरू होई. १९९३ साली फ्रान्समधील ब्रुनो बेर्झ यांनी थेंब आणि विद्युत अग्र यांच्यामध्ये पातळ विद्युतरोधक थर वापरून ही मर्यादा दूर केली. या तंत्राला इलेक्ट्रोवेटिंग म्हणतात. विद्युतदाब दिल्यावर थेंब पृष्ठभागावर अधिक पसरतो. तो एकाच बाजूला दिल्यास थेंब त्या दिशेला सरकतो. अशा रीतीने थेंब हलवता, जोडता व विभागता येतात. रासायनिक चाचण्यांच्या चिप आणि केंद्रांतर बदलणारी द्रव भिंगे यांत या तंत्राचा उपयोग होतो. थेंबाचा स्पर्शकोन आणि विद्युतदाब यांचा संबंध सांगणारे समीकरण यंग-लिपमन समीकरण म्हणून ओळखले जाते.