४२.३४ मीटरवरच्या उषाबेन

गिरगावातल्या विठ्ठलभाई पटेल मार्गाला पूर्वी गिरगाव बॅक रोड म्हणत. या रस्त्यावरच्या पारेखवाडीत १२ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री पोलिसांनी बंद दारे फोडून प्रवेश केला, तेव्हा आतल्या खोलीत ‘वंदे मातरम्’ची तबकडी फिरत होती. तबकडी थांबवण्याचा हुकूम झाला. यंत्रापाशी बसलेल्या २२ वर्षांच्या तरुणीने तो मानला नाही. गीत पूर्ण झाल्याशिवाय कार्यक्रम संपत नाही, हा तिच्या रेडिओ केंद्राचा नेम होता आणि शेवटच्या दिवशीही तो मोडायला ती तयार नव्हती.

या तरुणीचे नाव उषा मेहता. पुढे मुंबई त्यांना उषाबेन म्हणूनच ओळखू लागली. ‘चले जाव’ आंदोलनाच्या इतिहासात काँग्रेस रेडिओचा उल्लेख आला की त्यांचे नाव येते, परंतु बहुतेक वेळा ते एखाद्या ओळीपुरतेच असते. सरकारी नभोवाणी, टपाल, तारखाते आणि छापखाने हे सारे परक्या सत्तेच्या हाती असताना मुंबईच्या ऐन मध्यवस्तीतून अडीच महिने बेकायदा नभोवाणी चालवायची म्हणजे नेमके काय करावे लागले असेल, याचा विचार फारसा होत नाही.

उषाबेन यांचा जन्म २५ मार्च १९२० रोजी सुरतजवळच्या सरस या गावी झाला. वडील ब्रिटिश अमदानीत न्यायाधीश होते. त्यामुळे घरातल्या मुलीने चळवळीत पडणे त्यांना अडचणीचे वाटले तर नवल नव्हते. परंतु ही मुलगी १९२८ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, सायमन कमिशनच्या निषेधाच्या मोर्चात घोषणा देत चालली होती. मुलांच्या एका प्रभातफेरीत पोलिसांच्या माऱ्याने झेंडा धरलेली मुलगी झेंड्यासह खाली पडली. तेव्हा मुलांनी तिरंग्याच्या रंगांचे कपडेच शिवून घेतले आणि ते घालून पुन्हा फेरी काढली, ही आठवण त्या उतारवयातही सांगत. १९३० मध्ये वडील निवृत्त झाले आणि १९३२ मध्ये कुटुंब मुंबईला आले. चौपाटीवरच्या विल्सन कॉलेजातून त्यांनी तत्त्वज्ञान घेऊन १९३९ मध्ये पदवी मिळवली आणि पुढे कायद्याचा अभ्यास सुरू केला. तो अभ्यास १९४२ च्या ऑगस्टमध्ये सुटला.

८ ऑगस्टला गवालिया टँक मैदानावर ‘चले जाव’चा ठराव झाला आणि ९ तारखेच्या पहाटे गांधीजींसह बहुतेक सारे नेते तुरुंगात गेले. वृत्तपत्रांवर निर्बंध आले. कोठे काय घडते आहे हे एका शहराला दुसऱ्या शहराचे कळेना. अशा वेळी आपले स्वतःचे नभोवाणी केंद्र हवे, ही कल्पना उषाबेन, बाबूभाई खाकर आणि त्यांच्या मित्रमंडळींनी उचलली. पैशाचा प्रश्न आला तेव्हा एका नातेवाईक स्त्रीने आपले दागिने देऊ केले. ते घेण्यात आले नाहीत; रक्कम उभी करण्याची जबाबदारी बाबूभाईंनी पत्करली. विठ्ठलदास झवेरी आणि चंद्रकांत झवेरी या कामात होते. काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिवर्धक पुरवणाऱ्या शिकागो रेडिओ या कंपनीचे नानक मोटवाने यांचे साहाय्य होते. भूमिगत असलेले डॉ. राममनोहर लोहिया यांनी या निरनिराळ्या प्रयत्नांना एकत्र आणले.

ट्रान्समीटर उभा करणारा माणूस होता नरिमन प्रिंटर. युद्धापूर्वी त्याच्याकडे हौशी रेडिओचालकाचा परवाना होता. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच सरकारने असे परवाने रद्द केले आणि यंत्रे बंद करायला लावली. म्हणजे ज्यांना हे तंत्र येत होते अशी मूठभर माणसे पोलिसांच्या यादीत आधीपासूनच होती. काँग्रेस रेडिओचे बळ आणि त्याचा कच्चा दुवा दोन्ही इथेच होते.

२७ ऑगस्ट १९४२ रोजी चौपाटीवरच्या ‘सी व्ह्यू’ इमारतीतून पहिला कार्यक्रम गेला. आपण ४२.३४ मीटरवरून, भारतातल्या कुठल्याशा ठिकाणाहून बोलत असल्याची उद्घोषणा इंग्रजीत होई. ते ठिकाण उषाबेन ज्या कॉलेजात शिकल्या त्याच्याच परिसरात आहे, हे अर्थातच श्रोत्यांना ठाऊक नव्हते.

४२.३४ मीटर ही लघुलहर आजच्या भाषेत सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ होते. या आकड्यातच उषाबेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अडचणीचे मूळ आहे. नेहमीच्या एरियलची लांबी लहरीच्या लांबीवर ठरते. लहरीच्या निम्म्या लांबीची तार ताणायची तर या लहरीला ती सुमारे २१ मीटर, म्हणजे जवळजवळ ७० फूट भरते. पाव लांबीचा खांब उभारायचा म्हटले तरी साडेदहा मीटर हवेत. गाडीच्या टपावर असला खांब बसवून रस्त्याने जाता येत नाही. आजचे हौशी रेडिओचालक याच पट्ट्यासाठी गाडीवर आखूड एरियल लावतात आणि उरलेल्या लांबीची भरपाई तारेच्या वेटोळ्याने करतात, पण त्यात बरीच शक्ती वाया जाते. देशभर ऐकू जायचे तर उंच इमारत, मोकळी गच्ची आणि विजेची जोडणी असलेली खोली याला पर्याय नव्हता. साधा रेडिओ ऐकण्यासाठीही त्या काळी घराबाहेर तार ताणण्याची पद्धत होती, म्हणून नुसत्या तारेने लगेच संशय यावा असे नव्हते. पण तारेतून निघणारी लहर लपवता येत नाही.

ती लहर कोठून येते हे शोधण्याचे तंत्र तेव्हा चांगलेच रुळलेले होते. कड्याच्या आकाराचा एरियल फिरवीत राहिले की एका विशिष्ट दिशेला आवाज अगदी क्षीण होतो आणि त्यावरून केंद्राची दिशा कळते. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून अशा दिशा घेऊन नकाशावर रेषा ओढल्या की त्या जिथे छेदतात तिथे यंत्र असते. हा एरियल मोटारीवर बसवला की माग काढणारे पथक गल्लोगल्ली फिरू शकते. केंद्र चालवणाऱ्यांना मात्र गाडीत बसून पळता येत नव्हते. त्यांना एक खोली सोडून दुसरी शोधायची, तिथे यंत्र न्यायचे, पुन्हा तार ताणायची आणि जुळणी करायची, असे करावे लागे. ‘सी व्ह्यू’नंतर वाळकेश्वर रोडवरचा ‘रतन महाल’, लॅबर्नम रोडवरचा ‘अजित व्हिला’, सँडहर्स्ट रोडवरचे ‘लक्ष्मी भुवन’, मग पारेखवाडी आणि महालक्ष्मीचा ‘पॅराडाइज’ बंगला अशी या केंद्राची बिऱ्हाडे झाली. नकाशावर पाहिले तर गिरगाव, मलबार हिल आणि महालक्ष्मी एवढाच हा टापू आहे. तेवढ्या जागेत हा लपंडाव चालला होता.

आणखी एक खबरदारी घेतली जाई. भाषणे एका ठिकाणी ध्वनिमुद्रित करायची आणि तबकड्या दुसरीकडे नेऊन प्रक्षेपित करायच्या, म्हणजे यंत्र सापडले तरी बोलणारे सापडू नयेत. डॉ. लोहिया, अच्युतराव पटवर्धन, मोइनुद्दीन हॅरिस, कुमी दस्तूर अशा अनेकांचा या कार्यक्रमांत वाटा होता. बातम्या निरनिराळ्या प्रांतांतून निरोप्यांमार्फत येत. चितगाववर झालेला जपानी बाँबहल्ला, जमशेटपूरचा संप, बलियातल्या घडामोडी हे या रेडिओने सांगितले. तेव्हा मध्य प्रांतात असलेल्या आष्टी आणि चिमूर इथल्या अत्याचारांची हकीगतही याच लहरीवरून गेली. वृत्तपत्रांनी जे छापायचे धाडस केले नाही, किंवा ज्यांना ते करू दिले गेले नाही, ते इथे ऐकायला मिळे.

श्रोत्यांमध्ये पोलिसही होते. ते कार्यक्रम टिपून घेत होते आणि पुढे खटल्यात ही टिपणेच पुरावा म्हणून आली. आज काँग्रेस रेडिओवर काय बोलले गेले हे कळण्याचे महत्त्वाचे साधन म्हणजे ज्यांना तो बंद पाडायचा होता त्यांचीच ही कागदपत्रे आहेत.

१२ नोव्हेंबरचा दिवस उषाबेनच्या आयुष्यातला निर्णायक दिवस म्हणावा लागेल. त्या दिवशी पोलिसांनी बाबूभाईंच्या कचेरीवर छापा घातला. उषाबेन तेव्हा तिथेच होत्या. पोलिसांची नजर चुकवून महत्त्वाचे कागद घेऊन त्या निसटल्या आणि ध्वनिमुद्रणाच्या जागी गेल्या. डॉ. लोहिया आणि हॅरिस तिथे संध्याकाळच्या कार्यक्रमाची तयारी करीत होते. पोलीस जवळ आले आहेत हे उघड झाले होते. एक दिवस यंत्र बंद ठेवून सारे पांगले असते तर कोणी दोष दिला नसता. परंतु कार्यक्रम करायचाच असे ठरले. त्याच वेळी दुसरा ट्रान्समीटर तयार ठेवण्याचीही खटपट उषाबेन यांनी केली. मग त्या चंद्रकांत झवेरींसह पारेखवाडीत पोहोचल्या. कार्यक्रम झाला, शेवटची तबकडी लागली आणि दारावर धक्के बसू लागले.

पोलिसांना पारेखवाडीचा पत्ता दिशाशोधक एरियलने मिळाला नव्हता. नरिमन प्रिंटर पोलिसांच्या हाती लागला होता आणि त्यानेच वाट दाखवली. यंत्राची एवढी बिऱ्हाडे बदलली, बोलणाऱ्यांना यंत्रापासून दूर ठेवले. पण ज्याने यंत्र बांधले त्याला सारेच ठाऊक असणे भाग होते. त्याला सरसकट खलपुरुष ठरवणे सोपे आहे. त्याच्या हातांशिवाय हे केंद्र एक दिवसही चालले नसते, हेही तितकेच खरे.

अटकेनंतर सुमारे सहा महिने उषाबेनची चौकशी चालली. एकांतवासात ठेवून पाहिले गेले, सहकाऱ्यांची नावे सांगितल्यास परदेशी शिक्षणाला पाठवण्याचे आमिषही दाखवले गेले. त्या बोलल्या नाहीत. न्यायालयात त्यांनी प्रश्नांची उत्तरे देणे आपल्यावर बंधनकारक आहे काय एवढे विचारले आणि तसे बंधन नाही असे कळल्यावर पुढच्या एकाही प्रश्नाला उत्तर दिले नाही. १९४३ मध्ये निकाल लागला. बाबूभाईंना पाच वर्षांची, उषाबेनना चार वर्षांची आणि चंद्रकांत झवेरींना एक वर्षाची शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी आणि मोटवाने निर्दोष सुटले.

या मौनाकडे थोडे निराळ्या दृष्टीनेही पाहायला हवे. उषाबेन कट्टर गांधीवादी होत्या. खादी आणि सूतकताई ही व्रते त्यांनी शेवटपर्यंत पाळली. गांधीजींना मात्र छुपी कामे मान्य नव्हती. १९४४ च्या मे महिन्यात सुटका झाल्यावर त्यांनी भूमिगतांना उघडपणे पुढे येण्याचा सल्ला दिला. गुप्त रेडिओ हा तर मुळातच लपवाछपवीचा उद्योग. ही विसंगती उषाबेनना जाणवली नसेल असे म्हणता येणार नाही. राजकीय विचारांचा अभ्यास हेच पुढे त्यांचे जीवनकार्य झाले. न्यायालयात खोटे बोलायचे नाही आणि सहकाऱ्यांना उघडेही पाडायचे नाही, या दोन्ही गोष्टी एकदम साधणारा मार्ग गप्प राहण्याचाच होता.

येरवड्याच्या तुरुंगात प्रकृती ढासळली, उपचारासाठी जे. जे. रुग्णालयात आणावे लागले. १९४६ मध्ये सुटका झाली. मुंबई प्रांताचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या आदेशाने सुटलेल्या राजबंद्यांमध्ये त्या पहिल्या होत्या. स्वातंत्र्याचा दिवस उजाडला तेव्हा त्या अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि दिल्लीतल्या सोहळ्याला जाऊ शकल्या नाहीत.

त्यानंतरची त्यांची पन्नासेक वर्षे कमी नाट्यमय, म्हणूनच कमी सांगितली जाणारी आहेत. निवडणुकीच्या राजकारणात त्या गेल्या नाहीत. गांधीजींच्या राजकीय आणि सामाजिक विचारांवर त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. ज्या विल्सन कॉलेजात शिकल्या तिथेच सुमारे ३० वर्षे अध्यापन केले, पुढे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या आणि १९८० मध्ये निवृत्त झाल्या. लॅबर्नम रोडवरच्या मणिभवनातील गांधी संग्रहालयाचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. याच रस्त्यावरच्या ‘अजित व्हिला’तून एकेकाळी त्यांचे केंद्र बोलत होते. त्यांचे सहकारी विठ्ठलदास झवेरी यांनी गांधीजींवरचा दीर्घ माहितीपट केला. उषाबेनना १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळाले. २०२४ मध्ये त्यांच्या रेडिओवर हिंदी चित्रपट निघाला आणि नव्या पिढीला नाव कळले.

दरवर्षी ९ ऑगस्टला त्या ऑगस्ट क्रांती मैदानावर जात. २००० साली अंगात ताप होता, तरीही गेल्या. दोन दिवसांनी, ११ ऑगस्ट २००० रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले.