थॉमस क्लार्कसन

थॉमस क्लार्कसन (२८ मार्च १७६० – २६ सप्टेंबर १८४६) हे अटलांटिक महासागरावरील गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेले इंग्लिश कार्यकर्ते व लेखक होते. गुलामवाहू जहाजाच्या पोटातील कोंडवाड्याचे जे चित्र आज इतिहासाच्या पुस्तकांतून सर्वत्र दिसते, त्या 'ब्रुक्स' जहाजाच्या आराखड्याचा प्रसार करणाऱ्यांत ते अग्रभागी होते.

त्यांचा जन्म केंब्रिजशायरमधील विझबीच येथे झाला. वडील शाळेचे मुख्याध्यापक होते. थॉमस लहान असतानाच ते वारले. १७८५ मध्ये क्लार्कसन यांनी केंब्रिज विद्यापीठाच्या लॅटिन निबंधस्पर्धेत भाग घेतला. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध गुलाम करणे न्याय्य आहे काय, असा विषय होता. पारितोषिकाच्या ओढीने लेखणी हाती घेतलेला हा तरुण पुरावे वाचता वाचता बेचैन झाला. निबंध पहिला आला, पण बेचैनी गेली नाही. लंडनच्या वाटेवर वेड्समिल गावाजवळ त्यांनी आपले आयुष्य या कामाला वाहण्याचा विचार प्रथम केला, असे त्यांनीच पुढे नोंदवले आहे. धर्मोपदेशकाची ठरलेली वाट मग सुटलीच.

२२ मे १७८७ रोजी लंडनमध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी १२ जणांची समिती स्थापन झाली. तिच्यात बहुतेक क्वेकर पंथीय होते. पुरावे जमवण्याचे काम क्लार्कसन यांच्याकडे आले. ब्रिस्टल व लिव्हरपूल या बंदरांत त्यांनी खलाशांच्या जबान्या घेतल्या. लिव्हरपूलच्या दुकानातून बेड्या, अंगठे चिरडण्याचे स्क्रू आणि अन्न नाकारणाऱ्या कैद्याचा जबडा उघडण्याचे उपकरण त्यांनी विकत घेतले. या वस्तू तेथे उघडपणे विकल्या जात! त्याच बंदरात एका टोळीने त्यांना धक्क्यावरून पाण्यात लोटण्याचा प्रयत्न केला. ते थोडक्यात बचावले.

ब्रुक्सचा आराखडा

ब्रुक्स हे लिव्हरपूलचे जहाज. त्याचा पहिला आराखडा प्लिमथच्या समितीने १७८८ च्या अखेरीस छापला आणि १७८९ मध्ये लंडनच्या समितीने तो वाढवून प्रसिद्ध केला. त्यात पुरुषाला ६ फूट लांब व १६ इंच रुंद जागा धरली आहे. मुलींना रुंदीत अवघा १ फूट. १७८८ च्या डॉल्बेन कायद्याने या जहाजाला ४५४ माणसे नेण्याची मुभा होती. तेवढी कागदावर बसवतानाच तीळ ठेवायला जागा उरली नाही. कायद्यापूर्वीच्या एका सफरीत मात्र याच जहाजाने ६०९ माणसे नेली होती. आराखड्यातील मापे सरकारने पाठवलेल्या अधिकाऱ्याने घेतलेली असल्यामुळे ती खोटी ठरवणे व्यापाऱ्यांना अवघड गेले. आराखड्याच्या हजारो प्रती निघाल्या. संसदेत दाखवण्यासाठी विल्यम विल्बरफोर्स यांना जहाजाची लाकडी प्रतिकृतीही देण्यात आली.

या चित्राची एक मर्यादा अभ्यासकांनी दाखवली आहे. त्यातील माणसे एकसारखी व निश्चल दिसतात. त्यांना ना नाव आहे, ना प्रतिकार. आक्षेप रास्त आहे. मात्र क्लार्कसन आपल्या पेटीतून आफ्रिकेतील विणलेले कापड व कलाकुसरीच्या वस्तूही सभांमध्ये दाखवत, हे येथे विसरू नये. ती पेटी विझबीचच्या संग्रहालयात आहे.

उत्तरायुष्य

प्रकृती खालावल्याने १७९४ मध्ये ते चळवळीतून बाजूला झाले. काही वर्षांनी परतले. १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने हा व्यापार बेकायदेशीर ठरवला. पुढल्याच वर्षी त्यांनी चळवळीचा द्विखंडी इतिहास प्रसिद्ध केला. १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी संपवण्याचे ठरले. ईस्ट इंडिया कंपनीचा भारतातील मुलूख मात्र त्यातून वगळला होता.

विल्बरफोर्स यांच्या मुलांनी १८३८ मध्ये लिहिलेल्या पितृचरित्रात क्लार्कसन यांचे श्रेय कमी लेखले. तेव्हा क्लार्कसन ७८ वर्षांचे होते. त्यांनी लेखी उत्तर दिले आणि पुढे त्या लेखकांनी दिलगिरीही व्यक्त केली. सफोकमधील प्लेफर्ड येथे त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांच्या नावाची शिला १९९६ मध्ये बसवण्यात आली.