खुर्द्यातला एक : नाईक यशवंत घाडगे

मराठी चरित्रवाङ्मयाने वीरपुरुष पुष्कळ पाहिले. शिपाई क्वचितच पाहिला. पानिपतच्या पराभवाची वार्ता देणारे जे सांकेतिक पत्र परंपरेने सांगितले जाते, त्यात मोत्ये आणि मोहरा मोजल्या गेल्या, खुर्द्याची मोजदाद मात्र झाली नाही. बखरकारांनी सरदारांची नावे, त्यांचे मानपान आणि त्यांचे मरण नोंदवले. त्यांच्यामागे चालणारा माणूस संख्येच्या रूपानेच उरला. आधुनिक चरित्रकारांनी साधने बदलली, पद्धती बदलली; तरी ही सवय फारशी सुटली नाही. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या भूमीवर वयाच्या बाविसाव्या वर्षी पडलेल्या यशवंत घाडगे यांच्या चरित्राकडे या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. ते खुर्द्यातलेच. परंतु त्यांच्या वाट्याला सर्वोच्च शौर्यपदक आले आणि त्यामुळे त्यांचे नाव इतिहासात शिल्लक राहिले.

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात पळसगाव येथे झाला. हा मुलूख डोंगरउताराचा, भाताच्या एका पिकावर जगणारा. येथील तरुणाला घराबाहेर पडण्यासाठी दोनच रुळलेल्या वाटा होत्या : एक मुंबईच्या गिरणीकडे व गोदीकडे जाणारी, दुसरी पलटणीकडे. घाडगे दुसऱ्या वाटेने गेले. हिंदुस्थानात त्या काळी सक्तीची लष्करभरती नव्हती. १९३९ साली सुमारे दोन लाख असलेले हिंदी सैन्य १९४५ पर्यंत पंचवीस लाखांच्या घरात गेले, ते स्वेच्छेने भरती झालेल्यांच्या बळावर, असे अभिमानाने सांगितले जाते. ते कागदोपत्री खरेही आहे. मात्र दोन वेळच्या अन्नाची, नियमित पगाराची आणि घरी मनीऑर्डर पोचण्याची निकड ही स्वेच्छेच्या खात्यावर मांडावी की सक्तीच्या, हा प्रश्न चरित्रकाराला टाळता येत नाही. कोकणातील व घाटावरील असंख्य घरांनी मुलगे दिले ते राजनिष्ठेपोटी, असे मानणे भोळेपणाचे ठरेल. केवळ पोटासाठी दिले असे म्हणणेही अपुरे होईल. पलटण ही या भागात एक परंपरा होती. तिच्यात मान होता, आणि गावी परतलेल्या पेन्शनर सुभेदाराच्या शब्दाला वजन होते.

ज्या पलटणीत घाडगे दाखल झाले ती पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. १९२२ च्या पुनर्रचनेपूर्वी ती ११० वी मराठा म्हणून ओळखली जाई. रेजिमेंटचे केंद्र बेळगावला. या बटालियनने १९४१ मध्ये पूर्व आफ्रिकेत केरनच्या डोंगराळ लढाईत नाव मिळवले होते. तेथे तिचे नेतृत्व करणारे डेनिस रीड हेच पुढे इटलीत दहाव्या हिंदी डिव्हिजनचे सेनापती झाले. बाविशीच्या आत घाडगे नाईक झाले. नाईक म्हणजे सुमारे दहा जणांच्या सेक्शनचा प्रमुख. सैन्याच्या उतरंडीत हे पद लहान. परंतु रणांगणावर ज्याच्या शब्दासरशी माणसे प्रत्यक्ष उठतात आणि पुढे सरकतात, तो हाच.

४ जून १९४४ रोजी रोम दोस्तांच्या हाती आले. जर्मन सैन्य उत्तरेकडे माघार घेत होते, पण ती पळापळ नव्हती. गॉथिक रेषेवरील तटबंदी पुरी होईपर्यंत वेळ काढावा या हेतूने प्रत्येक टेकडी, प्रत्येक दगडी घर आणि प्रत्येक वळण लढवले जात होते. पेरुजाच्या उत्तरेस टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात दहावी हिंदी डिव्हिजन अशाच टेकड्यांमागून टेकड्या घेत चालली होती. उतारांवर द्राक्षमळे आणि ऑलिव्हची झाडे, माथ्यावर गाव, आणि गावाआधी मशीनगन. सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलांना चढण नवी नव्हती, एवढीच काय ती ओळखीची गोष्ट.

१० जुलै १९४४ रोजी मोंतोने गावाच्या परिसरात मोरोनेजवळ मराठ्यांच्या एका कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला केला. घाडगे यांचा सेक्शन अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडला. काही क्षणांत सेक्शनमधील सगळे मारले गेले वा जखमी झाले. उभे राहिले ते एकटे सेक्शन कमांडर. आता मागे हटले असते तरी कोणी बोल लावला नसता. ज्यांना घेऊन पुढे जायचे तेच उरले नव्हते. घाडगे पुढे गेले. त्यांनी प्रथम हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही निकामी केले. नंतर टॉमीगनने तेथल्या आणखी एकाला टिपले. मॅगझिन रिकामे झाले होते आणि बदलायला वेळ नव्हता. तेव्हा त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने ठार केले. इतक्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत शिरल्या. एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला.

हा तपशील आज उपलब्ध आहे तो सन्मानपत्रामुळे. ही नोंद वरिष्ठांनी इंग्रजीत, शिफारशीच्या ठरीव साच्यात लिहिली. तिला कृती दिसते, मन दिसत नाही. दस्त्याने माणूस मारण्यात जे भीषण सान्निध्य आहे त्याबद्दल ती काहीच बोलत नाही. तो तिचा हेतूही नव्हे. वीरचरित्रे लिहिणारे नेमके येथेच विशेषणांची भर घालतात आणि बाविशीतल्या माणसाला पुतळा करून टाकतात. घाडगे यांच्या बाबतीत मौन पाळणे अधिक न्यायाचे आहे.

नोव्हेंबर १९४४ मध्ये त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. हे पदक १८५६ पासूनचे; हिंदी सैनिकांना ते १९११ पर्यंत मिळूच शकत नव्हते. इटलीच्या मोहिमेत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा हिंदी सैन्यातील शिपायांकडे गेले, त्यांत मराठा रेजिमेंटचे दोघे. दुसरे नामदेव जाधव, अहमदनगर जिल्ह्यातील निमजचे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर त्यांनी पराक्रम केला, ते जिवंत परतले आणि १९८४ पर्यंत जगले. आपली हकीकत मराठीत सांगण्याचे भाग्य त्यांना लाभले. घाडगे यांच्याऐवजी त्यांच्या पत्नीला पदक स्वीकारावे लागले. १९४५ मध्ये दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्ते ते देण्यात आले.

त्याच दिल्लीत त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात लाल किल्ल्यावर आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला उभा राहिला आणि देशाचे अंतःकरण त्यांच्या बाजूने उसळले. ते स्वाभाविकच होते. परंतु त्या लाटेत साम्राज्याच्या झेंड्याखाली मेलेला शिपाई लोकस्मृतीतून बाजूला सरला. १९४२ च्या चळवळीनंतर साताऱ्याकडे प्रतिसरकार उभे होते, आणि त्याच मुलखातील मुलगे लिबिया-इटलीत लढत होते. एका गावातून भूमिगतही निघत होता आणि शिपाईही. मराठीने पहिल्यासाठी हुतात्मा हा शब्द राखून ठेवला. दुसऱ्यासाठी शब्द घडवला नाही. मराठवाड्याच्या अभ्यासकाला ही अडचण विशेष जाणवावी. परभणी त्या वेळी निजामाच्या राज्यात होती, आणि येथील स्मृतीचा केंद्रबिंदू १७ सप्टेंबर १९४८ हा आहे. येथे हुतात्मा म्हटले की रझाकारांशी लढलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. त्या अर्थाने घाडगे हुतात्मा नव्हेत. पण त्यांना भाडोत्री म्हणणे हा उथळ न्याय होय. फॅसिझमविरुद्धच्या युद्धात ते ज्या बाजूने पडले ती बाजू जिंकणे जगाच्या दृष्टीने आवश्यक होते; ती बाजू त्यांच्या देशाला मात्र गुलामीत ठेवून होती. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि चरित्रकाराने त्यांपैकी एकाची निवड करू नये.

या युद्धाचा मराठी साहित्यावर ठसा आहे. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही कादंबरी १९३९ ची, बा. सी. मर्ढेकरांचा ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ चा. एकीत युद्धाच्या उंबरठ्यावरचे युरोप येते, दुसऱ्यात युद्धाने पोखरलेले नगरजीवन. दोन्हींत पळसगावचा माणूस नाही. त्याने मराठी लिहिले नाही असे नव्हे. परदेशातील हिंदी शिपायांची पत्रे लष्करी सेन्सॉरखालून जात, आणि त्या पत्रांतील निवडक मजकुराचे साप्ताहिक अहवाल तयार होत. ते अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांत मराठी शिपायाचे बोलणे सापडते ते इंग्रजी अनुवादात, बहुधा नावावाचून, हुद्द्यापुरते. मराठी पत्रवाङ्मयाचा विचार करताना हा अनुवादित, निनावी भाग कोणाच्याच खिजगणतीत नसतो. तो मराठीत परत आणणे हे संशोधकांपुढील काम आहे.

घाडगे यांची ज्ञात कबर नाही. कासिनो येथील स्मारकावर, ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा चार हजारांहून अधिक सैनिकांच्या नावांत त्यांचे नाव कोरलेले आहे. माणगावला त्यांचा पुतळा आहे. इटलीच्या मोहिमेत ५,७८२ हिंदी सैनिक मृत्युमुखी पडले. जुलै २०२३ मध्ये मोंतोने येथील नगरपालिकेने आणि इटालियन लष्करी इतिहासकारांनी घाडगे यांच्या नावाने एक स्मारक उभारले. ते पुतळ्याच्या रूपात नाही, चालत्या छायायंत्राच्या रूपात आहे. सगळे एकाच सूर्याखाली राहतात, अशा आशयाचे लॅटिन वचन त्याच्याशी जोडलेले आहे.