कै. डॉ. चिंतामणराव देशमुख आणि घरपोच विद्या

कुंडलिकेच्या काठी वसलेले रोहे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. पेणहून आगगाडीने निघालेला मनुष्य थोडक्याच वेळात तेथे पोहोचतो. ह्याच गावी चिंतामण द्वारकानाथ देशमुख ह्यांचे वडिलोपार्जित घर असून त्यांचे बालपण बरेचसे तेथेच गेले. त्यांचा जन्म महाडनजीक नाते येथे १४ जानेवारी १८९६ रोजी झाला. वडील वकिली करीत. मातोश्री भागीरथीबाई मोठ्या धर्मनिष्ठ होत्या.

परीक्षा आणि चिंतामणराव ह्यांचे नाते लहानपणापासून जडले. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळविली. पुढे केंब्रिज येथे सृष्टिविज्ञानाचा अभ्यास करून ते १९१७ साली पदवीधर झाले आणि १९१८ च्या आय. सी. एस. परीक्षेतही त्यांनी पहिला क्रमांक पटकाविला. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होण्याचा मान त्यांस लाभला. १९५० पासून ते देशाचे अर्थमंत्री होते. परंतु मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचा बेत न पटल्यामुळे १९५६ साली त्यांनी ते पद सोडले.

ह्यानंतरचे त्यांचे कार्य विद्यार्थ्यांच्या अधिक जवळचे आहे. १९५६ ते १९६१ ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते व १९६२ साली दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्याच वर्षी त्या विद्यापीठात पत्रद्वारा शिक्षणाची शाळा सुरू झाली. ही योजना डॉ. दौलतसिंह कोठारी ह्यांच्या समितीने आधीच आखिली होती. तिची पहिली वर्षे मात्र चिंतामणरावांच्या कारकिर्दीत गेली. दिवसा नोकरी करणारा कारकून, संसारात गुंतलेली गृहिणी, अशांस वर्गाचे दार बंद होते. त्यांजकडे आता धडाच टपालाने जाऊ लागला.

ह्या धड्याची रचना विचार करण्याजोगी आहे. वर्गात शंका आली तर विद्यार्थी हात वर करितो. छापील कागदास कोण विचारणार? म्हणून वाचणारा कोठे अडेल हे धडा लिहिणारास आधीच ओळखावे लागे. धड्यासोबत प्रश्न असत. विद्यार्थी उत्तरे लिहून पाठवी, शिक्षक ती तपाशी आणि चूक कोठे व का झाली हे दाखवून कागद परत करी. शेवटी पदवीची परीक्षा मात्र इतरांसारखीच द्यावी लागे. त्या परीक्षेतील गुण विद्यापीठास निकाल सांगत. परत आलेला कागद विद्यार्थ्यास वाट दाखवी. दोन्ही तपासण्याच, परंतु एकीने अभ्यास संपे, दुसरीने तो पुढे चाले.

चिंतामणरावांच्या पत्नी दुर्गाबाई ह्यांचीही आठवण येथे होते. त्यांनी स्वतः बनारसची मॅट्रिक परीक्षा खासगी रीतीने दिली आणि मद्रासेस आंध्र महिला सभा स्थापून अनेक स्त्रियांस त्याच परीक्षेसाठी तयार केले. शाळेबाहेर राहिलेल्यांची अडचण त्या घरास परकी नव्हती.

२०२० साली कोरोनाच्या साथीत शाळा बंद झाल्या आणि धडे मोबाइलवरून येऊ लागले. तेव्हा आम्हां शिक्षकांपैकी कित्येकांनी पुस्तकाच्या पानांची छायाचित्रे पाठविली, पर्यायांचे दहा प्रश्न दिले आणि दहापैकी दहा गुण पाहून समाधान मानिले. कोणास समजले व कोणी शेजाऱ्याचे उत्तर उतरविले, हे आम्हांस कळले नाही. ज्या घरी फोन एक व मुले तीन, तेथील मुलास तर धडाच मिळाला नाही. साधन नवे होते. साठ वर्षांपूर्वीच्या टपालाच्या धड्यामागील काळजी मात्र आम्ही विसरलो, हे कबूल केले पाहिजे.

पालकांस आमची विनंती आहे की, मुलाने घरी आणिलेल्या कागदावरील गुणांबरोबर शिक्षकांचा शेराही वाचावा. विद्यार्थ्यांनी चुकलेले उत्तर पुन्हा एकदा स्वतः लिहून पाहावे. आम्हीही शेरा लिहिण्याचा आळस करणार नाही.

२ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे चिंतामणराव निवर्तले. परीक्षेत पहिला येणारा एकच असतो. परंतु नीट लिहिलेला धडा व नीट तपासलेला कागद शेवटच्या बाकावरील मुलासही पुढे नेतो. रोह्याच्या ह्या थोर पुरुषाचे स्मरण करिताना आमच्या मुलामुलींनी एवढे ध्यानी धरिले, तरी पुष्कळ झाले.