मोत्यांचा गालिचा आणि कवळाण्याचे सयाजीराव

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव परिसराची ओळख मागाच्या खटखटीशी जोडलेली आहे. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी मालेगावात हातमाग रोवले. त्याच जिल्ह्यातील येवल्यात पैठणीचे माग त्याआधीपासून चालत होते. याच मालेगाव तालुक्यातील कवळाणे या लहानशा गावी मार्च १८६३ मध्ये एका शेतकरी कुटुंबात गोपाळ नावाचा मुलगा जन्मला. बडोद्याच्या गायकवाड घराण्याची एक दूरची शाखा तेथे शेती करून राहत होती. हा मुलगा पुढे महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) म्हणून ख्यातकीर्त झाला आणि हाताने घडवलेल्या जगातील एका सर्वांत मौल्यवान गालिच्याचा धनीही ठरला.

हा गालिचा सयाजीरावांनी करवून घेतलेला नव्हता. त्यांचे दत्तक पिता खंडेराव महाराज यांनी १८६५ च्या सुमारास तो घडवण्यास सांगितले होते. मदिनेतील प्रेषित महंमदांच्या समाधीला तो अर्पण करावयाचा, असा त्यांचा संकल्प होता असे सांगितले जाते. पण १८७० मध्ये खंडेरावांचे निधन झाले आणि गालिचा बडोद्याच्या जामदारखान्यातच राहिला. त्यानंतर गादीवर आलेले त्यांचे बंधू मल्हारराव यांना इंग्रजांनी १८७५ मध्ये पदच्युत केले. खंडेरावांच्या विधवा पत्नी जमनाबाईंना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली, तेव्हा कवळाण्याचे काशीराव गायकवाड आपल्या मुलांना घेऊन बडोद्यास आले. निवड झाली ती गोपाळाची. मे १८७५ मध्ये दत्तकविधान झाले आणि जूनमध्ये बारा वर्षांचे सयाजीराव गादीवर बसले. त्यांना तोवर अक्षरओळखही बेताचीच होती.

या गालिच्याची घडण समजून घेण्यासाठी सामान्य गालिचा कसा विणतात हे आधी पाहावे लागते. मागावर ताण्याचे उभे धागे घट्ट ताणून बसवतात. त्यातील दोन-दोन धाग्यांभोवती लोकरीची किंवा रेशमाची एकेक गाठ मारून तिचे टोक कापले जाते. गाठींची एक ओळ पुरी झाली की बाण्याचा आडवा धागा सरकवायचा आणि दातेरी पंज्याने ठोकून ओळ बसवायची. अखेरीस कात्रीने सारी लव एका पातळीत छाटायची. उत्तम काश्मिरी गालिच्यात चौरस इंचाला ३२४ गाठी असतात. त्यामुळे एका गालिच्यात कारागिराचे महिनेच नव्हे, तर कधी वर्षे खर्ची पडतात.

बडोद्याचा गालिचा मात्र मागावर विणलेला नाही, तो सुईने घडवलेला आहे. रेशीम आणि हरणाचे कमावलेले कातडे ही त्याची बैठक. तिच्यावर इराणी आखातातून आलेले बारीक बसराई मोती रेशमी धाग्यात ओवून, ओळीने दाबून शिवलेले आहेत. अंदाजे १५ ते २० लाख मोती आणि जेमतेम पावणेनऊ फूट बाय पावणेसहा फूट एवढा आकार! म्हणजे चौरस इंचाला दोनशेहून अधिक मोती. प्रत्येक मोती विंधायचा, आकाराने निवडायचा आणि शेजारच्याला खेटून बसवायचा. मोत्यांच्या शुभ्र भूमीवर रंगीत काचमण्यांच्या वेली आणि फुले उमटवलेली असून मधोमध हिऱ्यांची तीन मोठी कमळे आहेत. माणके, पाचू आणि नीलम यांचीही जोड आहे. एवढे काम ज्या हातांनी केले, त्या कारागिरांची नावे मात्र इतिहासात उरली नाहीत.

डिसेंबर १८८१ मध्ये राज्यकारभाराची सर्व सूत्रे हाती घेतल्यावर सयाजीरावांपुढे जो प्रश्न होता तो याच हातांचा होता. गिरणीच्या स्वस्त मालापुढे कसबी कारागीर पिढीजात धंदा सोडत होते. दरबाराने एखादी अमूल्य वस्तू करवून घेतली, तर काही घरांची चूल काही वर्षे पेटते, पण धंदा वाचत नाही. सयाजीरावांनी दुसरा मार्ग धरला. जून १८९० मध्ये त्यांनी बडोद्यात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था स्थापन केली. तिची धुरा रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे सोपवण्यात आली. रंगाई, छपाई, सुतारकाम, चित्रकला, यंत्रविद्या आणि पुढे विणकाम हे विषय तेथे शिकवले जाऊ लागले. विशेष म्हणजे शिक्षण देशी भाषेतून दिले जाई आणि त्यासाठी गुजरातीत नवी पुस्तकेही तयार करवून घेण्यात आली. बापाकडून मुलाकडे जाणारे कसब आता शाळेच्या फळ्यावर आले.

गज्जर यांनी पुढे मुंबईत डागाळलेले मोती पुन्हा उजळवण्याची प्रक्रिया शोधून नाव आणि पैसा मिळवला, हा योगायोग मोठा सूचक आहे. कलाभवनाच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांत त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके हेही होते. भारतीय चित्रपटाच्या या जनकाची हस्तकौशल्याची तालीम नाशिकच्याच दुसऱ्या सुपुत्राने उभारलेल्या संस्थेत झाली.

१८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाने बडोदे संस्थान उजाड केले. १८९१ मध्ये २४ लाख असलेली लोकसंख्या १९०१ च्या खानेसुमारीत साडेएकोणीस लाखांवर आली. या पार्श्वभूमीवर डिसेंबर १९०२ महत्त्वाचा ठरतो. त्या महिन्यात अहमदाबादेत काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी भरलेल्या औद्योगिक प्रदर्शनाचे उद्घाटन सयाजीरावांनी केले. देशाच्या दारिद्र्यावर उद्योग आणि तंत्रशिक्षण हाच उपाय असल्याचे त्यांनी तेथे मांडले. त्याच महिन्याच्या अखेरीस दिल्लीत लॉर्ड कर्झनने उघडलेल्या भारतीय कलाप्रदर्शनात मोत्यांचा गालिचा मांडला गेला आणि पाहणाऱ्यांचे डोळे दिपले. दोन्ही ठिकाणी बडोदेच होते. एकीकडे गतवैभव, दुसरीकडे उद्याची चिंता.

सयाजीराव विरक्त राजे नव्हते. लक्ष्मीविलास राजवाड्याचा डामडौल त्यांच्याच काळातला, आणि तो गालिचाही त्यांनी विकला नाही. तरीही राज्याचे उत्पन्न कोठे लावावे याचे त्यांचे गणित स्पष्ट होते. १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू झालेले सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण १९०६ मध्ये सर्व संस्थानात लागू झाले. १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा उभी राहिली. १९१० पासून गावोगावी ग्रंथालये पोहोचली. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर याच राज्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले.

त्यांच्यामागे गालिच्याचा प्रवास वेगळाच झाला. नातू प्रतापसिंहराव यांच्या पत्नी सीतादेवी यांच्यासोबत तो १९४० च्या दशकात युरोपात गेला. मार्च २००९ मध्ये दोहा येथील लिलावात त्याला सुमारे ५५ लाख डॉलर एवढी किंमत आली. आज तो कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात काचेआड आहे. मदिनेसाठी घडलेला गालिचा मदिनेला पोहोचला नाही आणि बडोद्यातही राहिला नाही.

कलाभवन मात्र बडोद्यातच राहिले. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रविद्या शाखा म्हणून ते आजही विद्यार्थी घडवत आहे. खजिन्यातील वस्तू राज्याबरोबर जाते, हाताला दिलेली विद्या मागे उरते. कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या या मुलाने आपल्या कारभारातून हेच दाखवून दिले.