लोखंडी नांगराचे लक्ष्मणराव



आपल्या चिचगडकडे धानाची शेती. चिखलणीला आता ट्रॅक्टर येतो, पण लाकडी नांगर अजून काही घरांच्या सपरीत टेकवून ठेवलेला दिसतो. हा नांगर जमीन उकरतो, पलटवत नाही. माती पलटवणारा लोखंडी नांगर इथेच कारखान्यात घडवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्याबद्दल मी लिहीत आहे.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. चित्रकलेची भारी हौस, म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तिथे कळले, की त्यांना काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. दुसरा कोणी असता तर सरळ घरी परत गेला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेघ सोडली नाही. यंत्रांची चित्रे काढायला ते शिकले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिक्षक झाले. तिथे त्यांच्या हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली. मग नोकरी सोडून ते बेळगावला आले. तिथे भाऊ रामूअण्णांबरोबर त्यांचे सायकलचे दुकान होते.

आधी कडबा कापायचे यंत्र केले, मग नांगर. पण घ्यायला कोणी येईच ना! लोखंडाने जमिनीत विष भिनते, असे लोक म्हणून राहिले होते. पहिले मोजके नांगर खपायला दोन वर्षे लागली. मला वाटते, शेतकऱ्यांचेही फार चुकत नव्हते. पीक बुडाले तर वर्ष काढायचे कसे? माझे आजोबाही नवे बी आधी एकाच बांधीत टाकून पाहतात. दोन वर्षे वाट पाहणे मात्र सोपे नाही. मी तर दोन दिवसांत कंटाळतो.

पुढे बेळगावची जागा नगरपालिकेने रिकामी करायला लावली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ माळरान दिले. निवडुंग आणि सापांनी भरलेला तो माळ. तो साफ करून १९१० साली तिथे कारखाना आणि कामगारांची वस्ती उभी राहिली. तीच सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी.

कारखाने पुष्कळांनी काढले, पण मला त्या वाडीतल्या दोन गोष्टी जास्त आवडल्या. एक म्हणजे, तिथे अस्पृश्यता पाळायची नाही असा नियम होता. त्या काळी गावोगाव पाणवठेसुद्धा वेगळे असत, हे ध्यानात घ्या. दुसरी म्हणजे, तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीचे पहारेकरी नेमले. ज्यांना गावात कोणी दारात उभे करीना, त्यांच्याच हाती राखण दिली! आमच्या वर्गात यावर वाद झाला. अर्धी मुले म्हणाली, आपण नसते ठेवले. मी ठेवले असते, असे म्हणालो खरे, पण खूप विचार करून.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. त्यांच्या नावाचे पंप आजही शेतात पाणी उपसतात आणि पुणे-मिरज रेल्वेमार्गावर किर्लोस्करवाडी नावाचे स्टेशन आहे.

(इयत्ता ७ वी)